साडेनऊचा मका

दाढवाल्यांच्या घरात मका वाळला की नाही हे पाहायला यंत्र नव्हतं. दाढ होती. खालच्या जबड्यातली, उजवीकडची, शेवटून दुसरी. म्हातारा दाणा तिच्याखाली धरायचा, डोळे मिटायचा, कडकन चावायचा आणि आकडा सांगायचा. "सोळा." नाहीतर, "पंधराला जरा कमी." शंभर किलो मक्यात पाणी किती किलो, तो हा आकडा. लोक खिशात मूठभर मका घालून पाच-पाच कोस चालत यायचे आणि आकडा घेऊन परत जायचे. एकदा म्हणे दुपारी आ वासून झोपलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात कुणीतरी गमतीनं दाणा टाकला. म्हाताऱ्यानं घोरणं न थांबवता तो चावला, "अठरा, अजून दोन उन्हं दे," असं सांगितलं आणि कूस बदलली. हे खोटं असेल तर ज्यानं सांगितलं त्याचं खोटं. मका मात्र अठराचाच निघाला होता.

गेल्या थंडीत ती दाढ गेली. एकटी गेली नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन गेली. शहरातल्या दंतवैद्यानं वरखाली दोन्ही कवळ्या बसवून दिल्या. म्हातारा हसला की आता पंचवीस वर्षांनी लहान दिसायचा, म्हणून तो मुद्दाम हसायचा नाही.

दाढेची विद्या कवळीत उतरली की नाही, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या मनात होता. पण विचारणार कोण? म्हातारी म्हणायची, "मी विचारलं तर म्हणतील, तुझं तोंड बघ आधी." मुलगा वर्षातले आठ महिने रस्त्याच्या कामावर, त्याला घरचं फार बोलायची सवयच राहिली नव्हती. आणि सुनेनं सासऱ्याच्या दातांबद्दल काय बोलायचं?

सून म्हणजे या घरातलं आकड्यांचं डोकं. लग्नाआधी ती मामाच्या दुकानात तागडीला बसायची. बिनसाखरेचा चहा जसा एका घोटात कळतो, तशी वजनातली खोट तिला हात लावताच कळायची. म्हणून पेरणीच्या वेळी गोदामाच्या अंगणात नवख्यांसाठी बैठक लागली तेव्हा तीच गेली. म्हातारा "सावलीत बसून ऐकायचं वय नाही माझं" असं म्हणत मागोमाग आला आणि सावलीतच बसला.

गोदामाचा बाबू जाड चष्म्याचा, उत्साही माणूस होता. त्यानं पोत्यावर चढून विचारलं, "कमोडिटी म्हणजे काय, सांगा बघू?"

मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

"म्हणजे असा माल, की एका प्रतीचा असला की याचा काय नि त्याचा काय, सारखाच. मीठ, साखर, तांबं, खनिज तेल, गहू, मका. म्हैस कमोडिटी नाही. का? तर प्रत्येक म्हैस वेगळी. एक लाथ मारते, एक मारत नाही."

"मग बायकोही नाही," उद्याराव म्हणाला. हा दाढवाल्यांचा शेजारी. बांधाला बांध, कुंपणाला कुंपण. याचं प्रत्येक काम उद्या असायचं, म्हणून लोकांनीच त्याला ही पदवी बहाल केली होती.

"नवराही नाही," त्याची बायको दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. "असता तर मागेच बदलून आणला असता."

हशा ओसरल्यावर बाबूनं बोट केलं. "आता बघा. या काकांचा मका आणि त्या काकांचा मका. दोन्हीत पाणी चौदाच्या आत, खडा नाही, बुरशी नाही. झालं! माझ्या गोदामात दोन्ही एका ढिगात."

बोट पहिल्यांदा गेलं दाढवाल्यांकडे, दुसऱ्यांदा उद्यारावाकडे. म्हातारा ताडकन उठला. "माझा मका? याच्या मक्याबरोबर? अरे, याच्या मक्यात अर्धं पाणी नि अर्धा आळस! माझ्या दाण्याला त्याच्या मांडीला मांडी लावून बसवतोस?"

"काका, मांडी चौदाच्या आत असली की बसवतो."

सुनेनं सासऱ्याचा सदरा मागून ओढून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठून विचारलं, "आणि ते वायदा-वायदा म्हणतात, ते कसं?"

"सोपं आहे, वहिनी. आज पेरताना भाव ठरवायचा, माल चार महिन्यांनी द्यायचा. मधे बाजार वर गेला तर तुम्ही हळहळाल, खाली गेला तर आम्ही."

"तुम्ही कशाला हळहळाल? तुम्हाला काय पडलंय?"

"आमच्या पाठीमागे कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना आहे. त्याला दर आठवड्याला मका लागतो, कोंबड्या काही भाव बघून खात नाहीत. भाव काय होईल या धास्तीनं कारखानेवाल्याला झोप नाही आणि तुम्हालाही नाही. दोघांनी मिळून झोप विकत घ्यायची, हा वायदा."

"आणि ज्यांचं रानही नाही, कारखानाही नाही, तरी मका घेतात-विकतात म्हणतात, ते?"

"ते सट्टेवाले. त्यांनी दाणा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. भाव वर जाईल की खाली, एवढ्यावरच त्यांचं चालतं. ते स्वतःची झोप उडवून घेतात, वहिनी, म्हणून तर ती आपल्या वाट्याला येते."

सुनेला हे पटलं. कागदावर तीन गोष्टी होत्या. वजन शंभर क्विंटल, पाणी चौदाच्या आत, तारीख वीस, संध्याकाळी पाचपर्यंत. शंभर क्विंटलांत एक किलो कमी पडला तरी करार मोडला. मग त्या दिवशीचा बाजारभाव, जो असेल तो. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. ठरल्या भावानं शंभर क्विंटल गेले, तर घर बारा महिने चालतं. म्हणजे नवऱ्यानं रस्त्यावर जायचं कारण उरत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोघांनी एकत्र काढलेले दिवस तिनं मोजले तर ते दोन वर्षंही भरत नव्हते. तिनं सही केली.

चार महिन्यांत बाजारानं तोंड खाली घातलं. सगळीकडे मका उदंड झाला, भाव एक तृतीयांशानं उतरला. वर काढणीच्या ऐन तोंडावर हवा बिघडली. पंधरवडाभर पाऊस धड नाही, ऊन धड नाही. सकाळी धुकं असं की म्हातारी म्हणायची, कपडे वाळत घातले की अजून ओले होतात. कणसं झाडावर ओली, खळ्यावर ओली, पोत्यात ओली.

रस्त्याच्या कामाचा मुकादम दर दोन दिवसांनी फोन करायचा. "वीस तारखेला संध्याकाळी गाडी निघते. येतोस की दुसरा बघू?"

"वीसला सांगतो," नवरा म्हणायचा आणि फोन ठेवून पुन्हा कणसं सोलायला बसायचा. हातसोलणीच्या कडीत कणीस घालून पिळायचं, दाणे टपाटप खाली. दिवसभरात त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड उठून फुटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा उठायचा.

सोलून झालेला ओला मका एकशे अकरा क्विंटल भरला. सुनेनं कोळशानं भिंतीवर मांडलं. चौदाला आला की शंभर, एकशे एक राहील. थोडा इकडेतिकडे सांडला तरी निभेल.

मग हवा उघडली. असं ऊन पडलं की म्हातारी म्हणाली, एवढे दिवस कुठं दडून बसलं होतं मेलं. अंगणात ताडपत्र्या, छपरावर ताडपत्र्या, गोठ्याच्या पत्र्यावर गोधड्या, जिथं सपाट जागा दिसेल तिथं मका. सून आणि नवरा अनवाणी पायांनी मक्यात ओळी पाडत फिरायचे, अंगठ्यानं दाणे उलटे करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत फिरून पुन्हा. दुपारपर्यंत तळव्यांची सालटं निघायची. म्हातारी काठी घेऊन पाखरं हाकायला बसायची आणि पाखरांना नावानिशी शिव्या द्यायची. सूर्य कलला की सगळा मका गोळा करायचा, झाकायचा, सकाळी पुन्हा पसरायचा.

रोज चार वाजता म्हातारा एक दाणा उचलायचा. सगळे थांबायचे. तो दाणा नव्या दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचा, चावायचा. दाणा फुटायचा नाही.

"दबतोय," म्हातारा म्हणायचा. "ओला आहे अजून. सतराच्या खाली नाही."

पुन्हा पसरायचा.

पाचव्या दिवशी सुनेला दाण्यांचा आवाज वेगळा वाटला. पाय फिरवला की काचेच्या बांगड्या ओतल्यासारखा खळखळाट. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं आकाशाकडे पाहिलं.

"मामंजी," ती म्हणाली, "एकदा गोदामातल्या यंत्रावर मूठभर बघून यायचं का? उगीच आपलं, यंत्र बरोबर आहे का ते कळेल."

पाखरं हाकणाऱ्या म्हातारीनं काठी हवेतच थांबवली.

"यंत्र," म्हातारा म्हणाला. "त्या यंत्राचा बाप मला आकडा विचारायला यायचा."

सून पुन्हा ओळी पाडू लागली. अजून तीन उन्हं दिली.

सोळा तारखेला म्हाताऱ्यानं सकाळीच दाणा चावला, बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "झाला. चौदा." नवऱ्यानं काटा भाड्यानं आणला. दोघांनी पोती भरून, एकेक चढवून, दुपारभर मापं घेतली. शेवटचं पोतं उतरल्यावर सुनेनं बेरीज केली. परत केली. मग नवऱ्याला करायला लावली.

शहाण्णव क्विंटल.

"चोरी," म्हातारा म्हणाला. तो कुंपणाकडे बघत होता.

"अहो, पाच क्विंटल मका काय कुणी खिशात घालून नेईल?" म्हातारी म्हणाली.

पण म्हातारा निघालाच. सून मागे धावली. उद्यारावाच्या अंगणात मक्याचा एक मोठा ढीग होता आणि ढिगातून वाफ निघत होती. उद्याराव बाजेवर पडून ती वाफ बघत होता.

"माझा मका कुठाय?" म्हातारा म्हणाला.

"बघ की. ओळखता येत असेल तर घेऊन जा." उद्याराव उठलासुद्धा नाही. "चोरायला मला आधी उठावं लागेल ना, दाढवाले."

सुनेनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. आत गरम, आंबूस, चिकट. चार दिवसांत याला बुरशी येणार होती. उन्हाचे सगळे दिवस उद्यारावानं उद्यावर ढकलले होते.

"व्यापारी आले होते," त्याची बायको दारातून म्हणाली. "वास घेतला आणि पाणीसुद्धा न पिता गेले. सगळा मिळून पंचाहत्तर क्विंटल आहे. आणि हे असे."

सुनेनं त्यातला मूठभर मका रुमालात बांधला. घरी येऊन आपला मूठभर दुसऱ्या रुमालात बांधला आणि कुणाला न सांगता सायकलवर टांग मारली.

बाबूनं आधी घरचा मका यंत्राच्या कपात ओतला. आकडा आला तसा त्यानं चष्मा पुसला, कप रिकामा केला, परत ओतला.

"साडेनऊ! वहिनी, हा मका आहे की गोट्या? अहो, साडेनऊचा मका मी नोकरीत बघितला नाही. वाळवंटातून आणलात?"

"चौदाच्या आत आहे ना?"

"आत आहे, फार आत आहे. पण तुम्ही मका विकताय वजनावर. चौदाला थांबला असता तर जे वजन तुमचं होतं, ते तुम्ही उन्हाला फुकट देऊन बसलात. पाच क्विंटल पाणी उडवलंत." तो हळहळला, खरोखर हळहळला. "मी काही करू शकत नाही. शंभर म्हणजे शंभर. कारखान्याला बाजारात आज स्वस्त मका मिळतोय, वहिनी. आपला करार मोडावा म्हणून ते टपूनच बसलेत."

म्हणजे चोर सापडला होता. तिनं त्या उन्हाला आठ दिवस स्वतःच्या पायांनी मक्यावर फिरवलं होतं.

तिनं दुसरा रुमाल सोडला. यंत्र म्हणालं, एकोणीस.

ती बाहेर पायरीवर बसली. साडेनऊ नि एकोणीस. निम्मेनिम्मे केले तर सव्वाचौदा. म्हणजे त्याचा निम्म्याहून थोडा कमी घ्यायचा. तिनं बोटानं मातीत आकडे लिहिले, पुसले, लिहिले. आपले छप्पन्न, त्याचे चव्वेचाळीस. मग आत जाऊन विचारलं, "बाबू, करारात मका कुणाच्या रानातला, असं कुठं लिहिलंय का?"

"नाही."

"दोघांचा मिसळलेला चालतो?"

"दाणा एकसारखा वाळलेला पाहिजे, पाणी चौदाच्या आत, बुरशी नको, खडा नको. बाकी तुम्ही तो चंद्रावर पिकवा. पण मिसळून लगेच आणू नका. ओल्याचं पाणी कोरड्यात शिरायला दोनतीन दिवस लागतात. रोज उलटापालटा करत राहा."

सोळा तारीख मावळत होती. ती तडक उद्यारावाकडे गेली.

"काका, चव्वेचाळीस क्विंटल ओला द्या आणि आमचा चाळीस वाळलेला घ्या. तो तुमच्या उरलेल्यात मिसळा, तुमचाही चौदाच्या आत येईल. येईल ती किंमत, पण विकला तरी जाईल."

उद्याराव उठून बसला. हेच मुळात मोठं होतं. "माझे चार क्विंटल कमी का?"

"कारण ते चार क्विंटल पाणी आहे."

"असेल. पण माझं पाणी आहे ना?"

"द्या हो," त्याची बायको म्हणाली. "उद्यापर्यंत कोंब फुटतील आणि मग तुम्ही ते शेत म्हणून राखत बसाल."

उद्यारावानं डोकं खाजवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एक हसू हळूहळू पसरलं. "द्यायला हरकत नाही. पण माझ्या दारात येऊन चोर म्हणालाय तो. त्यानं स्वतः यावं आणि मागावं. तुझ्याशी माझं भांडण नाही, पोरी."

घरी सुनेनं सगळं सांगितलं. यंत्र, साडेनऊ, चव्वेचाळीस, चाळीस. फक्त कवळीचा शब्द तिनं काढला नाही. म्हातारा ओट्यावर बसून ऐकत होता.

"माझ्या दातानं चौदा सांगितलेत," तो म्हणाला. "यंत्र बिघडलंय. आणि त्याच्या दारात मी जायचं नाही."

नवरा दोरी वळत होता. त्यानं मान खाली घालूनच म्हटलं, "मग वीसला मी जातो गाडीनं. मुकादमाला तसं कळवतो." रागानं नव्हे, कामाचं बोलावं तसं बोलला. सून आत गेली आणि भांडी उगाच इकडची तिकडे ठेवू लागली.

म्हातारी उठली. तिनं ढिगातला एक दाणा पाट्यावर ठेवला आणि वरवंटा उचलून घातला. दाणा फुटला नाही. ठिणगी उडावी तसा उडाला आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशाला टवका पाडून गेला. आरशाचं खरंखोटं म्हातारीला माहीत, पण तो टवका अजून दाखवतात.

"हा दाणा दबतो?" ती म्हणाली. "दाणा दबत नाही हो. तुमची हिरडी दबते. कवळीखाली मांस आहे, दगड ठेवला तरी दबल्यासारखं वाटेल. मला गेल्या थंडीपासून ठाऊक आहे. तुम्ही जेवताना म्हणता ना, सगळं मऊ लागतं, कच्चं लागतं? मी चार वेळा शिजवते आणि गप्प बसते."

म्हाताऱ्यानं हळूच तोंडात बोट घातलं, खालची कवळी काढली, मग वरची. दोन्ही पाण्याच्या वाडग्यात ठेवल्या. त्याचा चेहरा बघता बघता आत गेला, घडी घातल्यासारखा. मग तो उठला, वहाणा घातल्या आणि कुंपणाकडे चालू लागला.

सून चार पावलं मागून गेली.

"चव्वेचाळीस दे," म्हातारा दारात उभं राहून म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर आले. "चाळीस घे. चोर म्हणालो ते चुकलं."

उद्यारावाला पहिल्या वेळीच सगळं समजलं होतं. तरी त्यानं कानाला हात लावला. "काय म्हणालास?"

म्हातारा पुन्हा म्हणाला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. उद्यारावाची बायको आत निघून गेली. तिला ते बघवलं नाही. उद्यारावानंच मग नजर खाली केली, हातात काही नसताना विळा खोचावा तसा कमरेला हात लावला आणि म्हणाला, "चल, पोती धर. आत्ताच करू."

असं 'आत्ताच' त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सुनेला वाटलं, उद्या सूर्य कुठून उगवतो ते बघायला हवं.

तीन दिवस दोन घरांनी मिळून मका उलथला. मधलं कुंपण काढून ताडपत्र्या जोडल्या. पाच फावडी साडेनऊची, चार फावडी एकोणीसची; पहिले काही तास ओला दाणा फिकट आणि जड, कोरडा पिवळाजर्द दिसायचा, बोटांना दोन्ही वेगळे लागायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेनं मूठ उचलली आणि तिला फरक सांगता येईना. ढीग झाकायचा, उघडायचा, खालचा वर काढायचा, वरचा खाली ढकलायचा. खांदे असे भरून यायचे की चहाचा पेला उचलायला दोन्ही हात लागायचे. म्हातारा कवळीशिवाय गुडघ्यांवर बसून काळे, बुरशीचे दाणे वेचायचा. त्याचे डोळे अजून पहिल्यासारखेच होते. उद्याराव त्याच्यासमोर बसून वेचायचा आणि अधूनमधून विचारायचा, "हा ठेवू का?"

"फेक."

"एवढ्याशा डागानं?"

"फेक म्हणतो ना. तुझ्या नावानं नाही जाणार तो, आपल्या दोघांच्या नावानं जाईल."

वीस तारखेला दुपारी एकच्या सुमारास ट्रॅक्टर गोदामाच्या फाटकात आला. पुढे अकरा गाड्या होत्या. मुकादमाचा फोन दोनदा वाजून गेला. नवऱ्यानं उचलला नाही आणि बंदही केला नाही. पाचला वीस मिनिटं असताना त्यांची पाळी आली. म्हातारा त्या दिवशी कवळी घालून आला होता.

बाबूनं लांब पोकळ सळई एकेका पोत्यात खुपसली, आतला मका काढला, सगळा एकत्र करून कपात ओतला. काटा फिरला.

"काका, तुम्ही सांगा आधी," बाबू डोळा मिचकावून म्हणाला. "किती असेल?"

म्हाताऱ्यानं दाण्याकडे पाहिलंही नाही. "यंत्राला विचार. पगार त्याला आहे."

यंत्र म्हणालं, तेरा पूर्णांक सात.

मग वजन. शंभर क्विंटल सहा किलो. बाबूनं पावती फाडली, शिक्का मारला आणि सुनेच्या हातात दिली. "ही जपा. हा मका आता इथून हलायच्या आधी हिची कारखान्याकडची प्रत चार हात फिरेल. कारखान्यानं आजच पुढे विकली तरी नवल नाही. दाणा जागेवर, मालक गावभर."

सुनेनं पावती वाचली. वजन, पाणी, प्रत, तारीख, भाव. भाव पेरणीच्या वेळचा. तिनं ती चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवली.

"सहा किलो जास्त आहे," बाबू म्हणाला. "शंभराच्या वर मला घेता येत नाही. घेऊन जा."

तोलाऱ्यानं सहा किलो मका एका पिशवीत ओतून समोर ठेवला. म्हातारा आणि उद्याराव दोघंही त्या पिशवीकडे बघत राहिले.

"तुझा आहे तो," म्हातारा म्हणाला. "तू चार क्विंटल जास्त दिलेस."

"ते पाणी होतं म्हणे. हा तुझाच. कोरडा दिसतोय."

"कोरडा दिसतोय म्हणजे? तेरा पूर्णांक सात आहे तो, तुझं पाणी आहे त्यात."

"मग तीन-तीन घेऊ."

"तीनातले माझे कुठले, ते दाखव आधी."

दोघंही फाटकाच्या कडेला उकिडवे बसले, पिशवी फरशीवर पालथी केली आणि एकेक मूठ या बाजूला, एक त्या बाजूला टाकू लागले. मधेच एखादा दाणा उचलून हुज्जत घालायचे आणि परत टाकायचे. मागच्या गाड्यांचे चालक भोंगे वाजवत होते. नवरा रिकामी पोती झटकत होता, धुळीनं पार पिवळा झालेला.

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी तो सुनेनं उचलला.

"गाडी उभी आहे," मुकादम म्हणाला. "कुठाय तो?"

"कामात आहेत."

"कसल्या कामात? किती वेळ? मोकळा कधी होईल?"

सुनेनं फरशीवरच्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. दोन्ही ढिगांत मिळून जेमतेम किलोभर मका पडला होता, आणि एकानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

"या वर्षी तरी नाही," ती म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारली, पोत्याचं दुसरं टोक धरायला.